थंड हवेचा धंदा : मशीन विकणारे पुष्कळ, सांभाळणारे थोडे

शिरूरहून पुण्याकडे निघाले की वाटेत रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने तिथे आहेत. देशभरच्या घरांत जाणारे फ्रिज आपल्या तालुक्यात तयार होतात. आपली बरीच मुलेही फ्रिज-एसी दुरुस्तीवर पोट भरतात. शिरूरच्या बाजारात आणि दौंडच्या स्टेशनाजवळ अशी दुकाने आमच्या रोजच्या पाहण्यात आहेत. असे असताना याच हुनरातले सर्वात पक्क्या रोजीचे काम करायला पुण्या-मुंबईची माणसे गाडी घेऊन येतात आणि संध्याकाळी परत जातात. ते काम म्हणजे कॉम्प्युटरच्या खोल्या थंड ठेवण्याचे.

आमचा धंदा कापडाचा. मशीनशी आमचा संबंध शिलाई मशीनपलीकडे कधी आला नाही. तरी या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला कारण घडले. 2019 साली रमजानचे शेवटचे दिवस मे महिन्याच्या अखेरीस आले होते. ईदच्या गिऱ्हाइकीने दुकान भरलेले आणि सुरतेच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे होते. आम्ही ज्या पतसंस्थेत खाते ठेवतो तिथे गेलो, तर कामकाज बंद. आतल्या खोलीतला एसी बंद पडला होता, सर्व्हर तापून आपोआप थांबला होता. दोन दिवस आमचा माल सुरतेतच अडकला आणि मोसम हातचा गेला.

नंतर चौकशी केली. त्या खोलीत भिंतीवरचा साधा घरगुती एसी बसवला होता आणि त्याचा फिल्टर कित्येक महिने कोणी काढलाच नव्हता. दुरुस्त करणारा मुलगा आमच्या ओळखीचा निघाला. तो म्हणाला, "चाचा, मशीन वाईट नव्हते. त्याला ज्या कामाला जुंपले ते त्याचे नव्हते."

एसी आणि एसीत फरक

घरचा एसी माणसाच्या आरामासाठी असतो. दिवसातले काही तास चालावा, घाम सुकवावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. त्याची बरीच ताकद हवेतली ओल काढण्यात जाते. कॉम्प्युटरला घाम येत नाही, तो फक्त उष्णता सोडतो, आणि तीही रात्रंदिवस. वर्षाचे 8,760 तास होतात. हे मशीन तितके तास चालले पाहिजे. म्हणून अशा खोल्यांसाठी वेगळे मशीन असते, त्याला प्रिसिजन एसी म्हणतात. ते उष्णता काढते, पण ओल मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंश सेल्सिअसमध्ये असावी, असा या क्षेत्रातला मान्य दंडक आहे. ओल वाढली तर पाणी धरते आणि धातू गंजतो. फार कमी झाली तर स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीत नाजूक भाग जळतो.

कापडवाल्यांना हे नवीन वाटू नये. हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून माग चालवणारे जमिनीवर पाणी मारत आले आहेत. ही सारी विद्या छापखाना आणि गिरणी यांतूनच निघाली. 1902 मध्ये विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी ओल ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. ओलीमुळे कागद आकसे-फुगे आणि रंग जागेवर बसत नसत, ही तिथली अडचण होती. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरला; ते कापड गिरण्यांचे इंजिनिअर होते.

बर्फाच्या मुलखातही सुटका नाही

कोणी म्हणेल, थंड देशात हा खर्चच नसेल. अर्धे खरे आहे. फिनलंडमध्ये हामिना इथे बंद पडलेली कागद गिरणी गूगलने 2009 मध्ये विकत घेतली आणि 2011 पासून तिथे डेटा सेंटर चालवले. गिरणीच्या जुन्या बोगद्यातून समुद्राचे थंड पाणी आणून ते मशीन गार ठेवतात. स्वीडनमध्ये लुलेओ इथे फेसबुकने 2013 मध्ये उघडलेले केंद्र बाहेरच्या हवेवर गार होते.

पण तिथेही देखभाल सुटत नाही, फक्त तिचे रूप बदलते. बर्फाळ हवा आत येऊन तापली की अगदी कोरडी होते. म्हणून तिच्यात सर्व्हरचीच गरम हवा मिसळावी लागते आणि ओल घालावी लागते. फिल्टर बदलावे लागतात. उघड्यावरच्या नळांतले पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकोल मिसळतात आणि त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासतात.

याची छोटी आवृत्ती आपल्याकडेही आहे. पौषातल्या पहाटे घोडनदीच्या काठी कडाका पडतो. बाहेरची हवा फार गार झाली की कंडेन्सरमधला दाब उतरतो, कॉइलला पुरेसा गॅस मिळत नाही, बर्फ धरतो आणि मशीन ट्रिप होते. कंडेन्सरचा पंखा थंडीप्रमाणे हळू करणारा कंट्रोल नीट चालतो की नाही, हे दिवाळीनंतर तपासायचे काम आहे. उन्हाळ्यात मशीन मरते हे सर्वांना ठाऊक असते. थंडीतही बंद पडते, हे जाणकारालाच ठाऊक असते.

काम काय असते

फिल्टर तुंबला की हवा कमी होते, कॉइलवर बर्फ येतो, गॅस पातळ रूपातच परत जाऊन कॉम्प्रेसर फोडतो. म्हणजे थोड्या पैशांच्या फिल्टरपायी सर्वात महाग भाग जातो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. त्यांची काजळी आणि शेतातली धूळ बाहेरच्या कॉइलवर बसते, ती धुवावी लागते. बोअरचे जड पाणी ह्युमिडिफायरमध्ये क्षार साठवते. ड्रेनचा पाइप तुंबला तर पाणी उचललेल्या फरशीखाली, तारांमध्ये जाते. पट्टा, बेअरिंग, सेन्सर हे तर आहेच. गॅस अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर भरायचा आणि त्याआधी व्हॅक्यूम पंप लावायचा. गॅसही बदलत आहेत. जुना आर-22 ओझोनच्या करारामुळे हद्दपार होत आहे. त्याच्या जागी आलेल्या गॅसांची कपात ठरवणारी किगाली दुरुस्ती 2016 मध्ये झाली, भारताने ती 2021 मध्ये मान्य केली. जो मिस्त्री नवे गॅस शिकणार नाही, त्याचे दुकान टिकणार नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट भरवशाची. अशा खोलीत कोणालाही सोडत नाहीत. दारावर नाव लिहायचे, ओळखपत्र दाखवायचे, हत्यारे मोजून न्यायची आणि मोजून आणायची, फोन बाहेर ठेवायचा. प्रत्येक भेटीत तापमान, ओल, दाब, अँपिअर रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. ज्याचा शब्द आणि वेळ पक्की, त्यालाच वर्षाचा करार मिळतो. आपल्या बाजारात अमानतीला जी किंमत आहे, तीच इथेही आहे.

काम कुठे आहे

हे काम फक्त मुंबईत आहे असे नाही. रांजणगावच्या कारखान्यांत सर्व्हरच्या खोल्या आहेत, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत कंट्रोल रूम आहेत. रेल्वेची इलेक्ट्रॉनिक सिग्नलची यंत्रे आहेत. बँका, पतसंस्था, दवाखाने आहेत. जुन्नर तालुक्यात खोडद इथल्या दुर्बिणीच्या केंद्रासाठी 2024 मध्ये 'परम रुद्र' हा महासंगणक देण्यात आला. पुण्यात पाषाणला हवामान संस्थेत 2018 मध्ये 'प्रत्युष' आणि 2024 मध्ये 'अर्का' आला. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'मध्ये तर थंड करणारे द्रव थेट चिपजवळ फिरवतात. पुढे पाण्याचे काम जाणणाऱ्याला मागणी येईल, हे यावरून दिसते.

आमची विनंती आहे, दुकानात हाताखाली शिकणाऱ्या मुलाला आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स करू द्या. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी पुस्तक हातात धरायची आम्हाला भीती वाटे. मुलांना तसे राहू देऊ नका. मशीनचे मॅन्युअल इंग्रजीत असते आणि चूक तिथेच होते. दुकानदारांनीही एकट्याने धावण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून वजनकाटा, व्हॅक्यूम पंप, मीटर अशी हत्यारे घ्यावीत आणि रात्रीची पाळी वाटून घ्यावी. करार देणारा सर्वात आधी एकच विचारतो, रात्री दोन वाजता फोन केला तर कोण येणार?

तो ओळखीचा मुलगा आता त्याच पतसंस्थेची खोली सांभाळतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातो, फिल्टर काढतो, रजिस्टर लिहितो. तिथे आता योग्य मशीन आहे आणि शेजारी एक राखीवही. त्यानंतरच्या एकाही ईदला आमचा माल अडकलेला नाही.