माद्रिउच्या काठाने वर वर

फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये, पिरेनीज पर्वताच्या कुशीत आंदोरा नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ४६८ चौरस किलोमीटर. या देशाच्या आग्नेयेला माद्रिउ नदीची दरी आहे. ही दरी आणि तिच्या शेजारच्या पेराफिता व क्लारोर या दऱ्या मिळून ४,२४७ हेक्टरांचा प्रदेश होतो, म्हणजे देशाचा जवळजवळ अकरावा हिस्सा. एवढ्या मोठ्या भागात मोटारीचा रस्ता नाही. जायचे ते पायी. युनेस्कोने २००४ साली या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण तो जंगल किंवा शिखरे म्हणून नव्हे, तर माणसाने घडवलेले भूदृश्य म्हणून! दिसायला रानटी असलेली ही दरी माणसाने घडवली म्हणजे काय केले? मित्रांनो, उत्तर वाटेवरच सापडेल. तेव्हा चला.

एस्काल्देस गावाजवळून दगडी फरसबंदीची जुनी वाट चढू लागते. खाली नदीचा खळखळाट चालूच असतो. पहिली वस्ती लागते तिचे नाव एंत्रेमेसाइग्वेस, अर्थ ‘दोन पाण्यांच्या मधले’. खरोखरच येथे दोन ओढ्यांचा संगम आहे. पुढे रामियो. दोन्ही ठिकाणी दगडी घरे, धान्याची कोठारे आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते. पूर्वी येथे राय व गहू पिकत आणि लोक बारा महिने राहत. आता घरे उघडतात ती उन्हाळ्यापुरती. वाटेच्या दोन्ही अंगांनी चुन्याचा वा सिमेंटचा थेंबही न वापरता रचलेले दगडी गडगे आहेत. ते कशासाठी? वर चाललेल्या गुरामेंढरांनी शेतात तोंड घालू नये म्हणून.

जनावरे वर न्यायचीच कशाला, असे तुम्ही विचाराल. थोडे गणित करू. उंची दर १,००० मीटरांनी वाढली की हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. हा प्रदेश १,०५५ मीटरांपासून २,९०५ मीटरांपर्यंत चढतो. म्हणजे तळ आणि माथा यांत सुमारे बारा अंशांचा फरक! खाली गवत वाळू लागते तेव्हा वरचे बर्फ नुकतेच वितळून कोवळे गवत फुटत असते. मेंढपाळ या हिरवळीच्या मागोमाग चढत जाई आणि बर्फ पडण्याआधी उतरे. तापमापी हाती न घेताच त्याने हे कोष्टक पाठ केले होते. शिवाय खालची शेते मोकळी राहून हिवाळ्याची बेगमी करता येई. कुरणे कोणा एकाची नव्हती. तेराव्या शतकापासून ती गावांच्या सामाईक मालकीची आहेत आणि आजही चार स्थानिक पंचायती मिळून त्यांचा कारभार पाहतात.

फोंतवेर्द, म्हणजे ‘हिरवा झरा’, ओलांडून आणखी वर गेलात की एका लोहारभट्टीचे अवशेष दिसतात. ती १७३२ ते १७९० या काळात चालली. एवढ्या उंचावर भट्टी? कारण सोपे आहे: येथे पडते पाणी आहे आणि कोळशासाठी झाडे आहेत. अशा कातालान पद्धतीच्या भट्टीत हवा फुंकायला चामड्याचा भाता नसे. उंचावरून पाणी उभ्या नळीतून खाली सोडत. नळीच्या वरच्या भागात भोके ठेवलेली असत. पडणारे पाणी त्यांतून हवा ओढून घेई आणि खालच्या बंद पेटीत आपटे. पाणी तळातून निघून जाई; हवा मात्र वर कोंडून दाबाखाली येई व तोटीतून थेट निखाऱ्यांवर जाई. कुठेही हलता भाग नाही! घरी नळाची धार उंचावरून बादलीत सोडून पाहा. धारेबरोबर हवेचे बुडबुडे किती खोल जातात ते दिसेल. भट्टीचे सारे मर्म त्यातच आहे.

पण भट्टी खादाड असते. एक किलो लोणारी कोळशाला पाचसहा किलो लाकूड लागते. कोळसा पाडण्याच्या सपाट जागा आजही उतारांवर ओळखता येतात, कारण तेथील माती काळी आहे.

भट्टी मागे टाकली की पाइनची झाडे विरळ होत जातात आणि दरी रुंदावते. तिचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा आहे. तो हिमनदीने कोरला. आता लागतात कुरणे, मेंढपाळांच्या दगडी झोपड्या आणि ‘ओर्री’. ओर्री म्हणजे मेंढ्या दोहण्याची जागा. तिच्यात लांबट, चिंचोळे वाडगे असते. त्यातून मेंढ्या एकेक करून पुढे येत आणि मेंढपाळ धारा काढी. दुधाचे चीज तेथेच होई, कारण दूध खाली पोचेपर्यंत नासले असते. चीज मात्र टिकते.

ही कुरणेदेखील निव्वळ निसर्गाची नाहीत. गवत बुडापासून वाढते, म्हणून वरचे पाते खाल्ले तरी ते पुन्हा येते. झाडाचे रोप शेंड्याने वाढते. शेंडा खुडला किंवा तुडवला की त्याची वाढ खुंटते. वर्षानुवर्षे चराई झाली की गवत जिंकते. याचा पुरावा दरीतल्या तळ्यांच्या आणि दलदलींच्या गाळात आहे. गाळाचे थर काढून संशोधकांनी त्यांतील परागकण तपासले, तसेच शेणावर वाढणाऱ्या बुरशीची बीजुकेही. झाडांचे पराग घटले आणि शेणबुरशी वाढली, तर त्या काळी तेथे कळप चरत होते. माणसाचा हा वावर थेट नवाश्मयुगापर्यंत मागे जातो.

आज उन्हाळ्यात येथे गाई व घोडे चरतात. चीजसाठी मेंढ्या दोहणे बंद पडले. म्हणून जंगल पुन्हा पसरू लागले आहे. पसरू द्यावे, असे काहींना वाटेल. मला विचाराल तर थोडी कुरणे राखावीत. उघड्यावरची फुले, फुलपाखरे दाट सावलीत तगत नाहीत. एखाद्या पडक्या वाडग्यात गुडघाभर उंचीचे पाइन दिसले, तर वाकून त्याच्या फांद्यांचे वेढे मोजा. साधारणपणे एका वर्षाला एक वेढा येतो. त्या वाडग्यात जनावरांची पावले थांबून निदान किती वर्षे झाली, ते तुमचे तुम्हालाच मोजता येईल.