आंदणाची यादी आणि कैरोची खोली

ताईंनो, आपण गटात ‘रोजकीर्द’ म्हणतो ना, तो शब्द पेशव्यांच्या दफ्तरातही आहे. ते मोडी कागद पुण्यात आजही रुमालात बांधून ठेवलेत. पण हिशेबाचे त्याहून जुने कागद सापडले ते इजिप्तमधल्या कैरोत.

तिथले यहुदी लोक देवाचं नाव असलेला कागद फेकत नसत. आपण जुनी पोथी कचऱ्यात टाकतो का? तसंच. असे कागद बेन एझरा या प्रार्थनास्थळाच्या एका खोलीत टाकत. हळूहळू पत्रं, हिशेब, याद्याही तिथेच गेल्या. भाषा अरबी, लिपी बहुतेक हिब्रू! १८९६-९७ मध्ये शेख्टर नावाच्या अभ्यासकाने त्यातले जवळपास २ लाख तुकडे इंग्लंडमधल्या केंब्रिजला नेले.

त्यात ८००-९०० वर्षांपूर्वीच्या आंदणाच्या याद्या आहेत. दागिने, कपडे, अंथरुणं, तांब्याची भांडी, आणि वस्तूपुढे किंमत. ही हौस नव्हती बरं. नवरा वारला किंवा काडीमोड झाला, तर तेवढं बाईला परत मिळावं म्हणून ही लिखापढी.

आपल्याकडे स्त्रीधन बाईचंच. पण भांडण झालं की पहिला प्रश्न, पुरावा काय? हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ चा नियमच आहे: लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली नवरा-नवरी दोघांची सही किंवा अंगठा. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनेच जपायची. किती घरांत ती आहे?

या सराईत मुलीचं लग्न असेल तर यादी तेव्हाच करा. नमुना हवा असेल तर बैठकीत मला मागा.