पाण्याची नाडी

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मिशिगनला असते. २०२३ च्या डिसेंबरात तिच्याकडे दीड महिना राहून आले. तिकडून येणाऱ्या बायका चॉकलेटं आणि बदाम आणतात. मी आणलं पाण्यात औषध घालायचं शहाणपण, आणि तेही थोडं उशिराच.

तिच्या घरामागे लाकडी ओट्यावर एक ‘हॉट टब’ आहे. म्हणजे गरम पाण्याचा हौदच म्हणा ना. चार-पाच माणसं गळ्याइतक्या पाण्यात बसतील एवढा. बाहेर बर्फ पडतंय आणि ही मंडळी हौदात बसून गप्पा मारताहेत! पहिल्या संध्याकाळी मीही हौसेने टॉवेल घेऊन निघाले, तर बहीण म्हणते, “ताई, आधी साबण लावून अंघोळ करून ये.” अंघोळीला जायच्या आधी अंघोळ? आपल्या सोवळ्याच्या वरताण झालं हे!

पण तिने कारण सांगितलं आणि मी दारातच थबकले. त्या हौदातलं पाणी तीन-साडेतीन महिन्यांतून एकदा बदलतात. रोज तेच पाणी, तीच माणसं. पाणी किती, तर साधारण पंधराशे लिटर, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या दीड टाकीएवढं. चार माणसं त्यात उतरली की प्रत्येकाचा घाम, अंगाचं तेल, साबणाचा अंश त्यात मिसळणार. वर पाणी चाळीस अंशांपर्यंत तापवलेलं. जंतूंना यापेक्षा चांगलं माहेर कुठलं? पाण्याची हेळसांड झाली तर अंगावर पुरळ उठतं. कोमट पाण्याच्या फवाऱ्यातून श्वासावाटे फुप्फुसात जाणारा एक जंतू तर न्यूमोनिया करतो. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या ‘लीजन’ नावाच्या संघटनेच्या संमेलनात साथ आली, तेव्हा तो उजेडात आला. म्हणून त्याचं नावही लीजनेला.

मग बहिणीचे यजमान एक डबी घेऊन आले. त्यात कागदाच्या अरुंद पट्ट्या, त्यांवर रंगीत चौकोन. पट्टी पाण्यात बुडवायची, काही सेकंद थांबायचं आणि बदललेला रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. क्लोरिन किती, पीएच किती, पाण्याचा खारेपणा किती, सगळं कळतं. (खारेपणा म्हणजे अल्कलिनिटी, मीठ नव्हे.) मी म्हटलं, “पाणी तर काचेसारखं दिसतंय, कशाला हा खटाटोप?” ते म्हणाले, “ताई, कालही असंच दिसत होतं. पण काल पाहुणे येऊन गेले आणि आता बघा, क्लोरिन शून्य.”

खरंच शून्य होतं. पाणी नितळ, वासही नाही, आणि औषधाचा थेंब उरलेला नाही.

मग पुढचे काही दिवस मी त्यांची शागीर्द झाले. अहो, मी कला शाखेची. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला होता. पण त्यांनी सांगितलं ते स्वयंपाकातल्या प्रमाणासारखंच वाटलं. क्लोरिन पाण्यात पडलं की ते दोन रूपांत राहतं. एक जंतू मारण्यात तरबेज, दुसरं अगदीच मंद. कुठलं रूप जास्त, ते पीएचवर ठरतं. पीएच साडेसात असेल तर निम्मंच क्लोरिन कामाचं. साडेआठवर गेला तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे डब्बेच्या डब्बे ओतले तरी उपयोग थोडाच. म्हणून ते आधी अल्कलिनिटी बघतात, लिटरला ऐंशी ते एकशेवीस मिलिग्रॅमच्या दरम्यान. कमी असेल तर खायचा सोडा घालतात, आपल्या ढोकळ्यातलाच. ती जागेवर असली की पीएच उड्या मारत नाही. मग पीएच सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक आठ या टप्प्यात आणायचा, आणि सर्वांत शेवटी क्लोरिन, निदान तीन मिलिग्रॅम. हा क्रम उलटा केला की पैसे पाण्यात. अगदी शब्दशः.

पाणी जड असेल तर हीटरवर पांढरा थर बसतो. तो आपल्याला गीझर उघडल्यावर दिसतोच.

एक गोष्ट मात्र मला अगदीच उलटी वाटली. क्लोरिनचा उग्र वास आला म्हणजे औषध भरपूर आहे, असं मी आजवर समजत होते. पोहण्याच्या तलावाजवळ येतो ना, तो वास. तर तो ताज्या क्लोरिनचा नसतोच! क्लोरिन घामाशी वगैरे संयोग पावून अर्धमेलं झालं की असा वास मारतं. वास जास्त येतोय तर तिथे पाणी घाण झालंय आणि औषध कमी पडलंय, असा अर्थ घ्यायचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२२ च्या जुलैत आमच्या भागात गॅस्ट्रोची साथ आली होती. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळे खालच्या आळीतली पंचवीस-तीस घरं विहिरीचं पाणी पीत होती. आम्ही बचत गटाच्या चौघीजणी पुढे झालो. टीसीएलचं एक पोतं मिळालं. त्याचं तोंड किती महिने उघडं होतं, कुणी विचारलं नाही. मीही नाही. पावडर ओंजळीने तशीच कोरडी विहिरीत टाकली. पाणी गढूळच होतं. थोड्या वेळाने वास आला, आणि मीच सगळ्यांना सांगितलं, “आता बिनधास्त प्या.” माझ्या शब्दावर बायकांनी पाणी उकळणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातली सात वर्षांची पोर जुलाबांनी गळून गेली. चार दिवस सलाईनवर होती. वाचली. तिच्या आईने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. उलट दवाखान्यात डबा दिला म्हणून आजही आभार मानते. ते आभार ऐकणं मला फार जड जातं.

मिशिगनच्या त्या पट्टीने मला माझ्या चुका एकेक करून दाखवल्या. टीसीएल ताजं असतं तेव्हा त्यात साधारण तेहतीस टक्के क्लोरिन असतं. उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं आणि उरतो नुसता चुना. गढूळ पाणी क्लोरिन स्वतःच खाऊन टाकतं, जंतूंसाठी काही उरत नाही. पावडर कोरडी टाकली की ती तळाला बसते. आणि मी मोजलं तर काहीच नव्हतं. ना पाणी, ना पावडर, ना उरलेलं औषध.

परत आल्यावर मी आमच्या जलसुरक्षकाकडे जाऊन बसले आणि सगळं नीट शिकून घेतलं. विहिरीतल्या पाण्याचा अंदाज काढायचा. चांगलं टीसीएल हजार लिटरला अडीच ग्रॅम लागतं. ते बादलीत थोड्या पाण्यात खिरीच्या पिठासारखं कालवायचं, मग बादली पाऊणभर करून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून तेच विहिरीत सोडायचं आणि बादली खालीवर करून ढवळायचं. खालचा चुना विहिरीत जाता कामा नये. त्यानंतर तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. म्हणून हे काम रात्री केलेलं बरं.

मग ओटी टेस्ट. छोट्या नळीत पाणी घेऊन सांगितलेले थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरिन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम उरलेलं हवं, साथीच्या दिवसांत शून्य पूर्णांक पाच. रंगच आला नाही, तर पुन्हा डोस. तपासलेलं पाणी मोरीत ओतायचं, चुकूनही प्यायचं नाही. बहिणीने मला पट्ट्यांची डबी बांधून दिली होती, पण तिच्यावरचे आकडे हौदाच्या हिशोबाचे. पिण्याच्या पाण्याला आपली ओटीच बरी.

घरच्या टाकीचंही तेच. हजार लिटरच्या टाकीला अडीच ग्रॅम म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याहूनही कमी. सोन्याच्या काट्यावर एकदा मोजून घेतलं आणि त्या मापाचं झाकण डब्यातच ठेवलं. नळाला आधीच क्लोरिन येत असेल तर मात्र आधी तपासा, मगच घाला. अर्धा तास झाल्याशिवाय पाणी प्यायला घ्यायचं नाही. टाकीच्या तळाला गाळ असेल तर आधी टाकी घासा. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून, निवळून मग औषध.

आणखी एक सांगते, कारण आमच्या गल्लीत हे घडता घडता राहिलं. संडास घासायचं ॲसिड आणि टीसीएल कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. मिशिगनलाही दोन औषधांचे डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले होते.

विहिरीवर आता शनिवारी रात्री आम्ही चौघी जातो. रविवारी सकाळी ओटीची नळी त्या पोरीच्या हातात असते. आता मोठी झाली आहे. नळी उजेडात धरून ती पिवळा रंग बघते आणि वहीत आकडा लिहिते. एकदा रंग आला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं आणि विहिरीवर आलेल्या बायकांना सांगितलं, “आज उकळून प्या हं, मावशींनी पुन्हा औषध टाकायचंय.”