डेस्कटॉप परदेशातून आणताना...

अमेरिकेतील मुक्काम संपवून भारतात परतताना तेथील डेस्कटॉप संगणक बरोबर आणावा की विकून टाकावा, असा प्रश्न अनेकांना पडतो. शिक्षणासाठी तिकडे निघालेल्या विद्यार्थ्यापुढे तोच प्रश्न उलट दिशेने उभा असतो. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ असते. अमेरिकेत हेच आकडे १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ आहेत. या फरकामुळे संगणक निरुपयोगी ठरेल, असा समज आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही.

मदरबोर्ड, प्रोसेसर वा हार्ड डिस्क यांचा भिंतीतील विजेशी थेट संबंध येत नाही. कॅबिनेटमध्ये बसवलेला 'एसएमपीएस' ही वीज घेतो आणि त्यांना १२, ५ व ३.३ व्होल्टचा डीसी पुरवठा करतो. बाहेरील वीज तो प्रथम डीसी करून घेत असल्याने ५० की ६० हर्ट्झ, यानेही बिघडत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एसएमपीएस किती दाबावर चालतो, एवढाच. त्याचे उत्तर त्याच्या लेबलवर छापलेले असते.

लेबलवर '१००-२४० व्होल्ट' असेल, तर केवळ वायर बदलून काम भागते. '२००-२४० व्होल्ट' असेल, तर तो अमेरिकेत चालणार नाही. भारतात विकले जाणारे काही एसएमपीएस या प्रकारचे असतात. तिसरा प्रकार मुख्यतः जुन्या वा स्वस्त संगणकांत दिसतो. त्यात मागील बाजूस '११५' आणि '२३०' असे आकडे असलेला छोटा, बहुधा लाल खटका असतो. खरा धोका येथेच आहे.

खटका ११५ वर असताना आतील सर्किट दाब दुप्पट करते. त्यामुळे ११५ व्होल्टच्या विजेवरही आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतो. २३० व्होल्टवर तो दुप्पट न करताच मिळतो. अमेरिकेतून आणलेल्या संगणकाचा खटका तसाच ११५ वर राहिला आणि तो भारतात जोडला, तर हा दाब ६५० व्होल्टकडे झेपावतो. तेथील दोन कपॅसिटर सहसा प्रत्येकी २०० व्होल्ट सोसणारे असतात. परिणामी मोठा आवाज, धूर आणि निकामी एसएमपीएस! उलट, २३० वर ठेवलेला संगणक अमेरिकेत जोडल्यास तो बहुधा सुरूच होत नाही. म्हणजे परतीच्या प्रवासात अधिक दक्षता हवी. खटका बदलताना वायर काढलेली असावी.

प्लगचा अॅडॉप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. लॅपटॉपचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने ही बाब लक्षात येत नाही. अमेरिकन वायर बहुधा १२५ व्होल्टपुरतीच असते. तिला अॅडॉप्टर जोडण्याऐवजी अर्थिंगसह तीन पिनांची भारतीय वायर घ्यावी. सर्वसाधारण डेस्कटॉपच्या कॅबिनेटला लागणारे तिचे टोक दोन्ही देशांत सारखेच असते.

मॉनिटर, स्पीकर आणि प्रिंटर यांची लेबले स्वतंत्रपणे पाहावीत. लेझर प्रिंटर बहुधा एकाच दाबासाठी बनवलेला असतो. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा झाल्यास त्याची वॅट क्षमता उपकरणाच्या गरजेपेक्षा पुरेशी जास्त असावी. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर संगणकाला लावू नयेत. १२० व्होल्टचा यूपीएस मात्र तिकडेच सोडून यावा.

एसएमपीएस जुळत नसेल, तर तेवढाच भाग बदलता येतो. त्यासाठी संगणक टाकून देण्याचे कारण नाही. हार्ड डिस्कवरील छायाचित्रे व कागदपत्रे मात्र पुन्हा विकत मिळत नाहीत. त्यांची प्रत निघण्यापूर्वीच करून ती स्वतंत्र सामानात ठेवावी.