लगामाच्या आधी मांड

घोड्यावरच्या बैठकीला आपण मांड म्हणतो. लगाम कुणीही धरू शकतो. पण स्वार कसलेला आहे की नवखा, हे त्याच्या मांडीवरून कळतं. आपल्याला कळायच्या आधी ते घोड्याला कळतं.

आपल्याच जालना जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. असई. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज यांची लढाई झाली. घोडदळ दोन्हीकडे होतं. वेलस्लीच्या मांडीखालचे दोन घोडे त्या दिवशी घायाळ झाले. एकाला गोळी लागली, दुसऱ्याला भाला. आता अशा ठिकाणी स्वाराची अवस्था बघा. एका हातात तलवार नाहीतर भाला, लगामाला उरला एकच हात. तोफांच्या आवाजात ओरडून काय उपयोग? मग घोड्याला वळ, थांब, पळ हे सांगायचं कशानं? कंबर, मांड्या, टाचा आणि अंगाचा भार, यांनीच.

हे चालतं कसं? घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तो तेवढीच कातडी थरथरवतो. इतकी बारीक जाणीव असलेल्या पाठीवर आपण बसतो. डोक्यावर हंडा घेतलेली बाई हंडा कलला की त्याच बाजूला पाऊल टाकते ना, तसंच घोडा करतो. स्वारानं डावीकडे बघितलं की खांदे वळतात, कंबर वळते, भार किंचित डावीकडे जातो. शिकलेला घोडा त्या भाराखाली यायला डावीकडे वळतो. थांबवायचं असेल तर पाठ ताठ करायची, श्वास सोडायचा, कंबर हलवणं बंद करायचं. लगाम त्यानंतर, आणि तोही हलका.

उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. स्वार पुढे झुकला की तिथला भार आणखी वाढतो. आणि नवखा माणूस घाबरला की नेमका पुढेच झुकतो! गुडघे आवळतो, टाचा वर जाऊन घोड्याच्या कुशीत रुततात. म्हणजे पाय सांगतात ‘पळ’ आणि हात लगाम ओढून सांगतात ‘थांब’. बिचाऱ्यानं ऐकायचं कुणाचं?

वरातीत हेच दिसतं. बँड वाजतोय, फटाके फुटतायत, नवरदेव अंग आवळून बसलाय. घोडी नाचरी झाली की लोक म्हणतात, हट्टी आहे, आणि मार तिला बसतो. खरं तर पाठीवरची भीती तिला कळलेली असते.

म्हणून शिकणाऱ्यांना एवढंच सांगतो. घोडा ऐकत नाही असं वाटलं तर चाबूक उचलू नका. आधी नजर समोर, टाचा खाली, खांदे सैल आणि एक लांब श्वास. मग परत विचारा त्याला.