बर्फावरील गाड्यांचें प्रदर्शन

आश्विन सरत आला होता. टोरांटोजवळील मिसिसागा येथें आम्ही आमच्या पुतण्याकडे उतरलों होतों. मेपलचीं पानें तांबडीं होऊन गळत होतीं. बर्फाचा अद्याप मागमूसही नव्हता. तरी त्या रविवारीं इंटरनॅशनल सेंटरच्या आवारांत मोटार उभी करण्यास जागा मिळेना. मृगापूर्वीं आपल्याकडे छत्र्या दुरुस्त करण्याची जी घाई उडते, तीच या लोकांची स्नोमोबाईलसाठीं उडते. पुतण्यास यंदा एक गाडी घ्यावयाची होती. सूनबाईंस ती घरांत नको होती. आम्हांस पंच म्हणून आणलें आहे, हें आंत शिरल्यावर आमच्या ध्यानीं आलें!

गुलमर्गला जाऊन आलेल्या वाचकांनीं ही गाडी पाहिली असेल. पुढें दोन स्की, मागें दांते असलेला रुंद रबरी पट्टा, मध्यें घोड्यावर मांड ठोकावी तशी बैठक. एंजिन पट्टा फिरवितें, दांते बर्फ मागें रेटतात आणि गाडी पुढें सरकते. माणसाचा पाय जेथें गुडघ्यापर्यंत रुतेल, तेथें ही तरंगल्यासारखी जाते. कारण तिचा भार त्या लांबरुंद पट्ट्यावर वांटला जातो. नव्या गाड्या गालिच्यांवर नवरीप्रमाणें सजवून ठेविल्या होत्या. किंमती मात्र मोटारीशीं स्पर्धा करणाऱ्या.

आमचे पाय घुटमळले ते जुन्या गाड्यांच्या कोपऱ्यांत. तेथें एक लहानशी पिवळी गाडी होती. तिच्या मागें एका बापाचें दुःख आहे, हें तेथें गर्दी करणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे!

जोसेफ-आर्मां बोंबार्डिए हा क्वेबेक प्रांतांतील व्हाल्कूर गांवचा. १९२२ च्या अखेरीस, पंधराव्या वर्षीं, त्यानें फोर्ड मोटारीचें एंजिन व मागें पंखा बसवून घसरगाडी चालविली. उघडा पंखा पाहून वडिलांनीं ती मोडावयास लाविली. त्या काळीं हिवाळ्यांत खेड्यांचे रस्ते बर्फाखालीं बंद असत. १९३४ च्या हिवाळ्यांत त्याच्या दोन वर्षांच्या मुलास आंत्रपुच्छाचा विकार झाला. इस्पितळ दूर, वाट बंद. मूल हातचें गेलें. बापानें पुन्हा त्याच कामास हात घातला. दांतेरी चाक व रबरी पट्टा या योजनेचें पेटंट त्यास १९३७ सालीं मिळालें, आणि त्याच्या बंदिस्त बर्फगाड्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेंतील मुलें जाऊं लागलीं. पुढें रस्त्यांवरील बर्फ हटविण्याची सोय झाली, तशी मोठ्या गाड्यांची गरज ओसरली. १९५९ सालीं त्यानें लहान ‘स्की-डू’ काढली. उत्तरेकडील दुर्गम वस्त्यांतील धर्मोपदेशकांस ती उपयोगी पडावी, हा एक हेतु होता. पण लोकांनीं ती मौजेसाठीं उचलली. १९६४ सालीं तो वारला.

ही हकीकत आम्हीं सूनबाईंस सांगितली. त्या म्हणाल्या, “काका, डॉक्टर आणण्यासाठीं जन्मलेली गाडी आतां माणसांना डॉक्टरकडे पोंचविते आहे!” यांत अतिशयोक्ति असेल, पण आम्हांस चटकन उत्तर सुचलें नाहीं.

तेवढ्यांत पुतण्यानें आम्हांस एका क्लबाच्या टेबलाकडे नेलें. या प्रांतांत हिवाळी वाटा आंखणें, सपाट करणें, शेतकऱ्यांकडून जाण्यायेण्याची परवानगी मिळविणें, हें बहुतेक काम असे क्लब स्वयंसेवकांच्या बळावर करितात. तेथील वृद्ध गृहस्थास सूनबाईंनीं सरळ विचारलें, “माणसें मरतात तीं कशानें?” तो रागावला नाहीं. वेग, दारू आणि गोठलेलीं तळीं, असें म्हणून तो तळ्यांविषयींच बोलत राहिला. बर्फाचा थर निदान पंचवीस सेंटिमीटर हवा; पण जेथें खालून प्रवाह वाहतो, तेथें वरून सारखें दिसणारें बर्फ कागदासारखें पातळ असूं शकतें. मग त्यानें दोरीनें जोडलेल्या दोन मुठी दाखविल्या. प्रत्येकींत एक अणकुचीदार खिळा. पाण्यांत पडल्यास हे खिळे काठाच्या बर्फांत रोवून अंग वर ओढावयाचें. बोलतां बोलतां त्यानें टेबलावर पालथें पडून तें करून दाखविलें. सत्तरीच्या पुढचा तो माणूस! सूनबाई प्रथमच हंसल्या.

आम्हीं निवाडा दिला कीं, यंदा गाडी भाड्यानें घ्यावी, माहितगाराबरोबर जावें आणि तळ्यावर मुळींच उतरूं नये. दोन्ही पक्षांनीं तो कुरकुरत मानला. पुतण्यानें खिळ्यांचे दोन जोड विकत घेतले. परततांना अकरा वर्षांचा आमचा नातू मागच्या बैठकीवर गप्प होता. बारा वर्षें पुरीं झाल्यावर शिकून परवाना काढतां येतो, हें त्यानें त्याच टेबलावर ऐकलें होतें. आणि तो बोटांवर महिने मोजीत होता.