स्टिक विकली, पण चालू कोण करून देणार?

मागच्या महिन्यात एक काका स्ट्रीमिंग स्टिक परत घेऊन दुकानात आले. "सारखी बंद पडते. माझे पैसे द्या!" म्हटलं, आधी घरी येऊन बघतो.

स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला लावलेली! यूएसबी 2.0 पोर्ट साधारण 0.5 अँपिअर देतो. या स्टिकसोबत 1 अँपिअरचा अडॅप्टर येतो. तो खोक्यातच पडून होता. अडॅप्टर लावला, स्टिक सुरळीत चालली.

काका म्हणाले, "हे विकतानाच सांगायचं ना!" खरंय. चूक माझीच होती. परतावा वाचला, पण गिऱ्हाईक जाता जाता राहिलं.

आता बिल करतानाच मी खोकं उघडून अडॅप्टर हातात देतो. तुम्ही काहीही विका, गिऱ्हाईक घरी नेमकं कुठे अडतं ते आधी शोधा.